चौदा नंबरचं बूच

पॅरिस, शापों गल्ली,
३ नोव्हेंबर १८८७

कुलों मालकांस,

झेलीचा नमस्कार. इकडे सगळं ठीक. तुम्ही आणि तुमची बहीण ऑर्तांसबाई ठीक असाल असं धरून चालते. ओसेरला थंडी पडली असेल. इथेही पडली. झालं, हवापाणी संपलं.

तुमचं पत्र मिळालं. म्हणजे ऑर्तांसबाईंचं. तुम्हाला आता दिसत नाही म्हणून त्याच लिहितात आणि माझं पत्र आलं की त्याच वाचून दाखवतात, हे कळलं. पण शब्दसुद्धा त्यांचेच वाटले. "कृपया विनाविलंब" असलं काही तुम्ही जन्मात बोलला नाहीत. तुम्हाला मीठ मागायचं तर अर्धं जेवण संपावं लागतं. ऑर्तांसबाई, राग मानू नका. मी अशीच आहे. दोन हिवाळे मठातल्या सिस्टरांच्या शाळेत गेले, अक्षरं शिकले, आणि गोड बोलणं शिकवायच्या आत बापानं कामाला लावलं.

तर तुमचं म्हणणं असं, की कारखान्याच्या किल्लीबरोबर तुमचा ठसाही माझ्याकडे राहिलाय. तो मी चांदी तपासणाऱ्या सरकारी छापाच्या कचेरीत न्यावा, साहेबासमोर मोडून घ्यावा आणि वर्ष संपायच्या आत तसं कळवावं. म्हणजे यापुढे चांदीवर स्वतःचा ठसा मारणारा एव्हारिस्त कुलों पॅरिसमध्ये नाही. समजलं. मी अडाणी असले तरी एवढं समजतं.

अजून गेले नाही. परवा सगळ्या संतांचा सण, कचेरी बंद. काल मेलेल्यांचा दिवस, आमचे हे जाऊन वीस वर्षं झाली, त्यांच्या थडग्यावर शेवंती ठेवायला गेले. आज गुडघा दुखतोय. उद्याचं उद्या बघू.

ठसा खणात आहे, तुमच्या जुन्या ॲप्रनच्या तुकड्यात गुंडाळलेला. काल काढून मेणावर उठवून पाहिला. पत्त्यातल्या चौकटच्या पानासारखा आकार, कडेला तुमची दोन अक्षरं आणि मधे गोगलगाय. गल्लीतल्या बाकीच्यांनी आपापल्या ठशात सिंह घेतले, तारे घेतले, नांगर घेतले. तुम्ही गोगलगाय घेतलीत. मी तेव्हा विचारलं होतं, हे काय मालक, दुसरं काही सुचलं नाही? तुम्ही कानस खाली ठेवलीत, विचार केलात, पुन्हा कानस उचललीत आणि म्हणालात, "पोचते की."

असो. तुमच्या बाकावर माझ्या जोडीची घोटणारी फिलोमेन साबणाच्या पाण्याची घमेली ठेवायला लागली होती. मी ओरडले. म्हणाली, "झेलीबाई, रिकामा बाक आहे, देव्हारा नाही." मी घमेली उचलून तिच्याच मांडीवर ठेवली. आता नाही ठेवत.

बातमी अशी, की सोमवारी एक बाई आली. अंगावर काळे कपडे, काळे हातमोजे, मागे गाडीवान. दार ढकलून आत आली आणि नाकाला रुमाल लावला.

"कुलोंचा कारखाना कुठला?"

"हाच. बंद आहे."

"मग तुम्ही कोण?"

"मी चांदी घोटते."

"म्हणजे पुसता?"

"पुसतात त्या मोलकरणी. मी दगडानं घोटते. तुमच्या घरातली चांदी आरशासारखी चमकते ना, ती माझ्यासारख्या बायकांनी छातीला दांडा लावून घोटलेली असते. काम बोला."

फिलोमेननं मला कोपर मारलं. बाई मात्र शांत. तिनं पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली, आणि मालक, माझा हातातला दगड तसाच राहिला.

उभ्या पैलूंची जाड काच, तळाला जड. वर चांदीचं झाकण, त्यावर काटेरी झुडपाची फुललेली फांदी. बिजागरीशी जिथे सरळ दगड पोचत नाही, तिथे मी अकिकाच्या वाकड्या दगडानं घोटलं होतं, ती झिलई अजून तशीच. माझा हात मला कळणार नाही? आणि झाकणाच्या कडेला तुमची गोगलगाय. तिला धक्का न लावता भोवतीनं घोटलेली.

हुबेहूब माझ्या बाटलीसारखी. ऑर्तांसबाईंना माहीत नसेल. प्रशियनांच्या वेढ्याच्या आदल्या वर्षी मालकांनी मला माझ्या नावाच्या संताच्या सणाला एक अत्तराची बाटली दिली होती. गळकी. अत्तर भरलं की आठवड्यात कपाटाला वास आणि बाटली कोरडी. उरलासुरला माल दिला असणार, दुसरं काय. मी काही मनात ठेवलं नाही. तोंडावर बोलले आणि विसरले.

ह्या बाईचं मात्र उलटं. तिच्या बाटलीचं बूच निघतच नाही. मादाम लाकाझ तिचं नाव, दारूच्या व्यापाऱ्याची विधवा. नवऱ्यानं लग्न ठरल्यावर ही बाटली आणली, स्वतः अत्तर निवडून आत भरलं, बूच दाबलं आणि तिला दिली. ते दाबलेलं बूच परत निघालंच नाही. झाकणसुद्धा कधी नीट बसलं नाही, बूच वर राहतं म्हणून. नवरा दर वर्षी म्हणायचा, "पुढच्या वर्षी उघडून आणतो." ह्या वसंतात तो गेला. आता तिला एवढंच हवंय की त्यानं कुठला वास निवडला होता ते कळावं. मोठ्या दुकानात दाखवली तर ते म्हणाले, फोडावी लागेल.

"ठेवून जा," मी म्हटलं. "उघडेल."

"आणि फुटली तर?"

"फुटली तर वास कळेल."

तिचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला. फिलोमेननं मला दुसऱ्यांदा कोपर मारलं. पण ठेवून गेली.

आता मला सांगा, गळ्याची चांदीची पट्टी तुम्ही काचेवर कशानं बसवायचात? प्लास्टर, की राळ? मला प्लास्टर आठवतंय, पण चूक झाली तर काच जाईल. उत्तर लवकर द्या. ठशाचं नंतर बघू.

आपली,
झेली मार्शे, चांदी घोटणारी

पॅरिस,
१९ नोव्हेंबर १८८७

कुलों मालकांस,

नमस्कार. गुडघा बरा आहे. कचेरीत गेले नाही, पाऊस होता.

उत्तर मिळालं. "प्लास्टर. गरम फडकी. कडेनं तेल." तीन ओळी ऑर्तांसबाईंच्या वळणदार अक्षरात, आणि खाली कागदावरून घसरत गेलेली एक तुमच्या हातची: "घाई नको." ती ओळ शाई वाळायच्या आतच बोटानं पुसली गेलीय, तुम्हाला दिसलं नसेल. मला वाचता आलं.

घाई केली नाही. मला ओळखणाऱ्यांपैकी कोणाचा विश्वास बसणार नाही, पण नाही केली. फडकी गरम करायची, गळ्याला गुंडाळायची, गार झाली की बदलायची. प्लास्टर भिजून लगदा झालं आणि पट्टी सुटली. मग बुचाच्या कडेनं तेलाचे थेंब, आणि तसंच ठेवून आपापली कामं. मधून मधून मी तिच्याकडे बघायची. फिलोमेन म्हणायची, "अंडं उबवतेयस?"

शेवटी उघड्या मानेला सुती दोरीचा वेढा दिला. एक टोक माझ्याकडे, एक फिलोमेनकडे, आणि दोघींनी करवत ओढतात तशी ओढली. मान तापायला हवी, बूच थंड राहायला हवं; मग मान जरा सैल होते. हे तुमच्याकडूनच पाहिलेलं. फिलोमेनला दम लागला.

"नवरा घराबाहेर काढणं सोपं होतं गं," ती म्हणाली.

"तुझा आपणहून गेला," मी म्हटलं. "ओढ."

आणि सुटलं. लहान मूल ओठ मिटून फुटकन सोडतं ना, तसा आवाज आला. मग वास. व्हायलेट, व्हॅनिला आणि मागून जळक्या साखरेसारखं काहीतरी. इतकी वर्षं कोंडलेला वास, मालक. खोलीभर झाला. फिलोमेन शिंकायला लागली.

आता नीट ऐका. ऑर्तांसबाई, हा भाग सावकाश वाचा, आणि तुम्हाला कळावं म्हणून आधी एक सांगते. काचेची बाटली आणि काचेचं बूच एकमेकांत कुरुंदाची पूड घालून घासतात, फिरवत फिरवत, दोघांची वीण जमेपर्यंत. एका बाटलीचं बूच दुसरीला कधीच बसत नाही. सैल होतं नाहीतर अडकतं. म्हणून हिऱ्याच्या टोकानं बाटलीच्या मानेवर आणि बुचाच्या खालच्या टोकाला एकच आकडा कोरायचा. नंतर मानेवर चांदीची पट्टी बसली की तिथला आकडा झाकला जातो, बुचावरचा तेवढा दिसतो. बाकी कारखानदार हे काम घासणाऱ्यांना देतात. आमचे मालक कोणाला हात लावू देत नसत.

तर मादाम लाकाझच्या बाटलीच्या मानेवर होता चौदा.

बुचावर चौदा नव्हता.

बुचावर आकडाच नव्हता. काय होतं ते लिहीत नाही. ऑर्तांसबाई, तुम्हाला राग येऊ दे. तुम्ही मोठ्यानं वाचता आणि मालकच म्हणायचे, तुमच्याकडची भिंत पातळ आहे, शेजारणीला शिंक आली तर तुम्ही "देव बरं करो" म्हणता.

मी घरी गेले, माझी गळकी बाटली काढली आणि बूच उपसलं. त्यावर चौदा. ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. म्हणून तर मी धरून चालले होते, की कुठल्या तरी मोठ्या कामातला उरलेला, नंबर घातलेला, नापास झालेला नग माझ्या हातात दिला. हे चौदाचं बूच मी मादाम लाकाझच्या बाटलीत घातलं. फिरवलं. धरलं. असं धरलं, मालक, की उलटी केली तरी थेंब नाही, आणि दोन बोटांनी उचललं तर लोण्यातनं सुरी निघावी तसं वर. मिटल्यावर झाकणही टिक म्हणून बसलं. आयुष्यात पहिल्यांदा.

म्हणजे दोन बाटल्या एकाच वेळी केलेल्या. आणि बुचांची अदलाबदल.

बाई काल आली. मी बाटली हातात दिली आणि म्हटलं, उघडा. तिनं हातमोजे काढले. बूच उचललं, वास घेतला.

"शी!"

तिनं बूच पुन्हा नाकाशी नेलं.

"किती गोड! मिठाईवाल्याच्या दुकानासारखं! हे त्यानं माझ्यासाठी निवडलं? मी तर कॉफीतसुद्धा साखर घेत नाही." आणि हसायला लागली. हसता हसता तुमच्या बाकावर बसली. मी तिला उठवलं नाही. "बरं झालं हो उघडलं नाही. लग्नच मोडलं असतं मी." मग तिनं एक थेंब मनगटावर लावला, मनगट नाकाशी धरलं आणि ते तिथून काढीचना. फिलोमेन उगाच खिडकीबाहेर बघत उभी राहिली. मी दगड धुवायला घेतले, धुतलेलेच.

जाताना मी तिला खरं सांगितलं. म्हटलं, तुमचं खरं बूच माझ्याकडे होतं, ते तुमच्या बाटलीत बसवलंय. हे जे अडकलेलं होतं, ते माझं.

तिनं ते माझ्या तळहातावरून उचललं, उजेडात धरलं, खालचं टोक बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. आणि परत माझ्या तळहातावर ठेवून माझी बोटं मिटली. शहाणी बाई आहे.

मालक, एकच विचारायचंय. त्या ऑक्टोबरात लाकाझांचं काम घाईचं होतं; सगळी बुचं एका घमेल्यात धुऊन तुम्ही स्वतः बसवत होता, हे मला आठवतंय. तेव्हा तुम्ही चष्मा लावला होता का? हो किंवा नाही, एवढंच कळवा. वळणदार अक्षर नको.

आपली,
झेली मार्शे

पॅरिस,
६ डिसेंबर १८८७

एव्हारिस्त,

मालक लिहायचं होतं, हातून हे गेलं. खोडत नाही, शाई महाग झालीय.

तुमचं पत्र आलं. ऑर्तांसबाईंनी दोन पानं लिहिलीत: बंधूंना जुन्या गोष्टींचा त्रास देऊ नये, ठशाचं काय झालं ते तातडीनं कळवावं, बंधू हल्ली जेवत नाहीत, मागचं पत्र वाचून दाखवल्यापासून नुसते शेगडीशी बसून असतात आणि हातात काही नसताना बोटं फिरवत राहतात. आणि सगळ्यात खाली, कोपऱ्यात, एक शब्द वाकडातिकडा: "नव्हता."

मला ठाऊकच होतं. चष्मा म्हाताऱ्यांनी लावायचा, असं तुमचं म्हणणं. तेव्हा चाळिशीसुद्धा झाली नव्हती तुमची, आणि रस्त्यात समोरून आलेल्या माणसाला ओळख देत नव्हता. लोक म्हणायचे, कुलोंला फार गर्व. गर्व कसला, दिसत नव्हतं!

ऑर्तांसबाई, आता मोठ्यानं वाचा. शेजारणीनं ऐकलं तर ऐकू दे. खिडकी उघडी असली तर तीही उघडीच राहू दे.

मी माझ्या बाटलीची पट्टी सोडवली. इतक्या वर्षांत कधी सोडवली नव्हती, का सोडवणार? गळक्या बाटलीची कोण पट्टी सोडवतो. फडकी, गरम पाणी, लगदा, सगळं तसंच. माझ्या बाटलीच्या मानेवरही आकडा नाही. तिथे तेच आहे, जे त्या बुचावर आहे. दोन अक्षरं. एक तुमच्या नावाचं पहिलं, एक माझ्या नावाचं. एवढी बारीक, की घोटणाऱ्या बाईच्या डोळ्यालाच दिसावीत. शेजारी शेजारी, एकमेकांना टेकलेली.

तुम्ही कोणाच्या कामातलं उरलेलं दिलं नव्हतंत. तुम्ही माझ्यासाठी एक नवी केली होतीत, काचेपासून.

आणि मला काय मिळालं? चौदा. जे वाचायचं ते परक्या घरात, परक्या बाटलीत, लाकाझसाहेबानं अंगठ्यानं दाबून बसवलेलं.

तुम्ही दिलीत तो दिवस मला आठवतोय. काम संपवून सगळ्याजणी हात धूत होत्या. तुम्ही बाटली कागदात गुंडाळून माझ्या टेबलावर ठेवलीत आणि जाता जाता म्हणालात, "बूच काढून बघ." आजपर्यंत मला "झेलीबाई, तुम्ही" म्हणणारा माणूस त्या एकदाच "बघ" म्हणाला होता. मी तेव्हा ऐकलं, आणि पुढे गेले. मी बूच काढलं, चौदा वाचलं, घरी नेऊन अत्तर भरलं. दुसऱ्या आठवड्यात सगळ्यांसमोर तुम्हाला म्हटलं, "मालक, तुमची बाटली गळते हो." सगळे हसले. फिलोमेन तर घमेल्यात पडायची राहिली. तुम्ही वर बघितलं नाहीत. "गळत असेल," म्हणालात आणि कानस चालू केलीत.

तुम्हाला वाटलं, मी वाचलं. मी अक्षरं वाचली, एक आठवडा विचार केला, आणि उत्तर दिलं ते हे: गळते.

ते उत्तर घेऊन तुम्ही माझ्याशेजारी अठरा वर्षं बसलात. वेढ्यात घोड्याचं मांस मिळालं की अर्धं माझ्या खिडकीत ठेवून जायचात, कागदात गुंडाळून, बाटलीसारखंच. माझा गुडघा सुजला तेव्हा माझं स्टूल कोणीतरी दोन बोटं कमी केलं. मी फिलोमेनला शिव्या दिल्या. ते तुम्हीच होतात ना? विचारू नका कसं कळलं. स्टुलाच्या पायांना कानस तुमच्याच हाताची होती, सरळ आणि हळू. मी त्यावर रोज बसते, मला कळणार नाही? आत्ता कळलं, एवढंच.

मी चुकले असं मी म्हणणार नाही. चूक तुमची. चष्मा लावला असता तर! आणि बूच चुकलं तर चुकलं, पण एकदा तोंडानं विचारायचं होतं. मी हो म्हटलं असतं. त्याच दिवशी, हात धुवायच्या आत, ओल्या हातांनी.

बघा, लिहून गेले. ऑर्तांसबाई, थांबू नका. घसा सुकला असेल तर पाणी प्या आणि पुढचं वाचा.

ह्या पत्राबरोबर मोहरीची एक छोटी डबी येईल. कापसात बूच आहे. ऑर्तांसबाई, डबी त्यांच्या हातात द्या आणि तुम्ही जरा स्वयंपाकघरात जा. सूप ढवळा, नाहीतर करा. एव्हारिस्त, बुचाच्या खालच्या टोकाला नख फिरवा. दिसायची गरज नाही, तुमच्याच हातचं आहे. बाकी सगळं तुम्हाला दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागतं. हे तुमचं तुम्हाला वाचता येईल.

बाटली पाठवत नाही. ती इथेच आहे, पट्टी काढलेली, मान उघडी. मला ती परत बसवता येत नाही. प्लास्टर कालवून बघितलं, गुठळ्या झाल्या. ते तुमचं काम.

ठसाही कचेरीत नेणार नाही. पाऊस नाही, गुडघाही दुखत नाही. ज्याचा ठसा त्यानं साहेबासमोर उभं राहून मोडून घ्यावा असा नियम आहे. कचेरीचा नसेल तर माझा आहे. आणि तुम्ही आल्यावर आपण दोघं कचेरीपर्यंत जाऊ आणि पोचलो की तुम्हाला काय वाटतं ते बघू. वाटेत दुसरीही एक कचेरी लागते, नगरपालिकेची, तिथे लोक जोडीनं सह्या करायला जातात. मी नुसतं रस्ता कसा जातो ते सांगतेय.

डोळ्यांच्या दवाखान्यात विचारून आले. मोतीबिंदू काढतात तिथे. एक म्हातारा काढून बसला होता आणि वर्तमानपत्र वाचून सरकारला शिव्या देत होता, म्हणजे चांगलंच दिसत असणार. नाही निघाला तुमचा, तरी चालेल. तुम्हाला बोटांनी वाचता येतं आणि मला तोंडानं बोलता येतं, तेवढ्यात भागेल.

ऑर्तांसबाई तुम्हाला ओसेरहून गाडीत बसवून देतील. त्या वाईट नाहीत. त्यांच्या जागी मी असते तर असली पत्रं अशी सरळ वाचून दाखवली नसती. इथे पॅरिसच्या लियों स्टेशनावर मी फाटकाशी असेन. तुम्हाला दिसणार नाही, पण ऐकू येईल, मी हमालांशी भांडत असेन.

तुमच्या बाकावरची धूळ पुसली आहे. शेगडी पेटवते रोज. फिलोमेन विचारते, कोणासाठी? मी म्हणते, प्लास्टरसाठी.

बूच बरोबर आणा. राहून गेलं तर पुन्हा गळेल.

गोगलगाय पोचते म्हणाला होतात.

तुमची,
झेली